दूध वेळेवर पोचते, मग रक्त का अडते?

आपल्या भागातल्या कुठल्याही गावात पहाटे साडेपाचला दूध संस्थेच्या दारात उभे राहून बघा. किटल्या घेऊन बाया-माणसे रांगेत असतात, फॅट लागते, चिठ्ठी मिळते आणि सात-साडेसातच्या आत दूध कुलरला नाहीतर गाडीत. संध्याकाळी पुन्हा तेच. पाऊस असो, सण असो, गावात मयत झालेली असो, दुधाची गाडी चुकत नाही. चुकली तर दूध नासते आणि नासलेल्या दुधाचा पैसा कोणी देत नाही, हे संस्थेच्या चेअरमनपासून गाडीच्या क्लीनरपर्यंत सर्वांना ठाऊक असते.

आता त्याच गावातून दोन-चार कोसांवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तेथे तुमच्या-आमच्या दंडातून काढलेले चमचाभर रक्त नळीत घालून ठेवलेले असते. साध्या तपासण्या तिथल्या तिथे होतात. परंतु यकृत, मूत्रपिंड, थायरॉईड यांच्या तपासण्यांची यंत्रे तालुक्याला किंवा जिल्ह्याला. म्हणजे दुधासारखाच रक्तालाही प्रवास आला. दवाखान्यात डॉक्टर आहेत का, औषध आहे का, सर्पदंशाची लस आहे का, हे आपण ग्रामसभेत तावातावाने विचारतो. पण नळी किती वाजता निघाली आणि किती वाजता पोचली, हे कोणी विचारल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

माझ्या चुलत्यांचेच सांगतो. वय पंचाहत्तरच्या घरात, रक्तदाबाची गोळी चालू. बाजारच्या गावी एका खासगी तपासणी केंद्रात त्यांचे रक्त घेतले. तेथे यंत्र नव्हतेच, नुसते संकलन. नळ्या बर्फाच्या पेटीत घालून दुपारच्या एस.टी.ने जिल्ह्याला जायच्या. त्या दिवशी गाडी नादुरुस्त झाली, पेटी डेपोत पडून राहिली आणि रात्री कधीतरी पोचली. दुसऱ्या दिवशी फोन आला : पोटॅशियम ६.८ आहे, ताबडतोब दाखल करा. साधारण साडेतीन ते पाचपर्यंत असायला हवे ते. इतके वाढले तर हृदय कधीही बंद पडू शकते म्हणतात. घरात रडारड. जीप करून म्हाताऱ्याला तालुक्याला नेले, हृदयाचा आलेख काढला, पुन्हा रक्त घेऊन तिथल्या तिथे तपासले, तर ४.३! म्हातारा ठणठणीत. ‘मी सांगत होतो की मला काही झालेलं नाही,’ असे म्हणत त्यांनी वर आम्हालाच झापले. जीपभाडे, दाखल होण्याचा खर्च, औषधे सगळे मिळून एका वासराची किंमत गेली.

यात खोटे कोणी बोलले नव्हते. यंत्राने नळीत जे होते तेच सांगितले. घोटाळा झाला तो नळी पेटीत असताना. रक्तातल्या लाल पेशींच्या आत पोटॅशियम भरपूर असते, बाहेरच्या पाण्यात, म्हणजे सीरममध्ये, थोडे असते. नळी गचके खात गेली की पेशी फुटतात आणि आतले पोटॅशियम बाहेर येते. त्यातून पेशी वेगळ्या न करता नळी बर्फात ठेवली, तर पेशी फुटल्या नाहीत तरी पोटॅशियम हळूहळू पाझरतच राहते. आपल्याला दुधाची सवय. गार केले की टिकते, हे आपले गणित. रक्ताच्या बाबतीत ते सरसकट चालत नाही. आधी नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, सेंट्रीफ्यूजमध्ये, घालून सीरम वेगळे करायचे आणि मग ते गार ठेवून पाठवायचे, ही खरी रीत. रक्त काढल्यापासून साधारण दोन तासांच्या आत हे व्हावे असा दंडक आहे.

साखरेचे उलटे. रक्तातल्या पेशी नळीतही जिवंत असतात आणि त्या साखर खात बसतात. साध्या नळीतली साखर तासाला पाच ते सात टक्क्यांनी घटते. सकाळी दहाला काढलेल्या रक्तात साखर १४० असेल आणि ते रक्त तसेच चारपर्यंत राहिले, तर यंत्र शंभराच्या आसपास दाखवणार. चुलत्यांना नसलेला आजार चिकटला, इथे असलेला मधुमेह लपला. आणि हा माणूस ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणून खुशाल घरी येतो, वर्षा-दोन वर्षांनी पायाची जखम भरेना म्हणून पुन्हा जातो. साखरेसाठी फ्लोराईड घातलेली राखाडी बुचाची वेगळी नळी असते, ती साखर धरून ठेवते. पेशी मोजण्यासाठी जांभळ्या बुचाची नळी, ती दिवसभर तग धरते. पुढच्या वेळी रक्त देताना बुचाचा रंग जरूर बघा. साखरेचे रक्त साध्या लाल बुचाच्या नळीत जात असेल आणि गाडी दुपारनंतर असेल, तर विचारायला लाजू नका.

शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. माती परीक्षणाला माती पाठवतो, ती आठ दिवस पिशवीत पडली तरी काही बिघडत नाही. पिण्याच्या पाण्याचा नमुना मात्र जलसुरक्षक बाटलीत घेऊन वेळेत पोचवतो, कारण त्यातले जंतू वाढतात नाहीतर मरतात. रक्त, थुंकी, लघवी हे सगळे या दुसऱ्या जातीतले.

आता सरकारने यात काय केले ते पाहू. राष्ट्रीय आरोग्य अभियानातून मोफत निदान सेवेची मार्गदर्शक तत्त्वे २०१५ साली आली. पुढच्या आवृत्तीत उपकेंद्रावर १४, प्राथमिक आरोग्य केंद्रावर ६३ आणि जिल्हा रुग्णालयात १३४ तपासण्या मिळाव्यात असे ठरले. कागदावर आकडा छानच आहे. पण वीस-तीस हजार लोकवस्तीच्या केंद्रावर ६३ तपासण्यांची यंत्रे, ती चालवणारा माणूस, रसायने, वीज हे सगळे उभे करणे कोणत्याही राज्याला परवडणारे नव्हते. म्हणून तोड निघाली ती अशी की, केंद्रावर फक्त नमुना घ्यायचा, तपासणी मोठ्या ठिकाणी करायची आणि मधली वाहतूक व तपासणी करार करून बाहेरच्या संस्थेकडे द्यायची. आपल्या महाराष्ट्रात २०१७ साली हे काम एच.एल.एल. लाईफकेअरकडे सोपविण्यात आले, ‘महालॅब’ या नावाने. ही कंपनी म्हणजे पूर्वीची हिंदुस्थान लॅटेक्स, १९६६ साली स्थापन झालेली, निरोध बनविणारी. ती केंद्र सरकारच्या मालकीची आहे. त्यामुळे ‘सगळे खासगीला विकले’ अशी जी ओरड चावडीवर होते, ती निदान त्या कराराला लागू पडत नाही. तेलंगणाने २०१८ मध्ये वेगळी वाट धरली. मध्यवर्ती प्रयोगशाळा सरकारने स्वतःच काढली आणि दवाखान्यांतून नमुने तिकडे आणले.

मालक कोण हा प्रश्न माझ्या मते दुय्यम आहे. खरा प्रश्न असा की, नमुना वाटेत खराब झाला तर नुकसान कोणाचे? दुधाच्या बाबतीत उत्तर सरळ आहे. आंबट दूध परत आले की संस्थेला झळ, गाडीवाल्याला झळ. म्हणून सगळे धावतात. नळीच्या बाबतीत सुई टोचणारा एक, पेटी नेणारा दुसरा, यंत्र चालवणारा तिसरा. नळी फुकट गेली तर तिघांपैकी कोणाच्याही खिशाला चाट नाही. झळ बसते ती एकट्या रुग्णाला. त्याला सांगतात, ‘नमुना बाद झाला, पुन्हा या.’ पुन्हा या म्हणजे काय, तर एका दिवसाची मजुरी बुडवून, उपाशीपोटी, पुन्हा वीस रुपये भाडे घालून. दहांतले किती जण पुन्हा येतात? दुसऱ्यांदा आलेला माणूस मी तरी क्वचितच पाहिला.

करारात पैसे कशाचे मोजायचे, हे म्हणून महत्त्वाचे. प्रत्येक तपासणीमागे इतके रुपये असा करार केला, की कंपनीचा ओढा आपोआप जास्त तपासण्यांकडे जातो. तालुक्याच्या रुग्णालयात रोज शंभर नमुने सापडतात, घाटातल्या केंद्रावर चार. चार नळ्यांसाठी चाळीस किलोमीटर गाडी पाठवणे कोणाला परवडेल? मग तिथली फेरी दिवसाआड होते, मग आठवड्यातून दोनदा. कोणी दुष्टपणाने करत नाही, हिशेबच तसा लागतो. उलट वाहतुकीचे पैसे मार्गावर, किलोमीटरवर आणि ठरल्या वेळेवर मोजले, चांगल्या स्थितीत पोचलेल्या नळीलाच पैसे दिले आणि बाद नळीचा दंड लावला, तर तोच गाडीवाला घाटही चढेल. साखर कारखान्याच्या ऊसतोडणी-वाहतुकीत लांबच्या टप्प्याला वेगळा दर असतो, तो याचसाठी ना!

याबाबतीत आफ्रिकेतल्या युगांडाकडून शिकण्यासारखे आहे. रस्ते आपल्यापेक्षा वाईट, पैसा आपल्यापेक्षा कमी. तेथे एड्सग्रस्त मातांच्या बाळांचे रक्त तपासायला राजधानीत पाठवावे लागे आणि अहवाल परत येईपर्यंत बरेचदा बाळ दगावलेले असे. २०१० नंतर त्यांनी ठिकठिकाणी एक-एक मोठा दवाखाना मध्यवर्ती केंद्र धरला. त्याला एक मोटारसायकल आणि एक स्वार दिला. आसपासच्या तीस-चाळीस किलोमीटरमधले दवाखाने त्याला वाटून दिले, कोणत्या वारी कोणत्या दवाखान्यात जायचे ते ठरवून टाकले. तो जाताना जुने अहवाल देतो, येताना नवे नमुने घेतो. पुढे अभ्यास झाला त्यात वाहतुकीचा खर्च निम्म्याहून कमी झालेला आणि अहवालाचा वेळही जवळजवळ निम्म्यावर आलेला दिसला. या कामात खासगी कंपनीचाही हात लागला होता. अमेरिकी सरकारची एड्सनिवारण योजना आणि सुया-नळ्या बनविणारी बेक्टन डिकिन्सन कंपनी यांची भागीदारी २००७ साली झाली. कंपनीच्या लोकांनी तिकडे जाऊन क्षयाचे नमुने पाठवण्याचे मार्ग आखायला आणि पेटी कशी भरावी हे शिकवायला मदत केली. कंपनीला त्यात आपला माल खपवण्याचा हेतू नसेल असे मानायला मी भोळा नाही. पण काम झाले हे खरे.

आपल्याकडेही असा प्रयोग झाला आहे. २०१८ मध्ये डाक खात्यामार्फत क्षयरुग्णांचे थुंकीनमुने प्रयोगशाळेत पोचवण्याचा प्रयोग दिल्लीत सुरू झाला. पोस्टमन गावोगाव जातोच, त्याच फेरीत एक सीलबंद पेटी, इतकीच कल्पना. क्षयाच्या बाबतीत वाहतुकीला फार किंमत आहे. सी.बी.नॅट यंत्र दोनेक तासांत क्षय आहे की नाही आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही हे सांगते. पण थुंकी त्या यंत्रापर्यंत पोचायला चार दिवस लागले, तर दोन तासांचे कौतुक काय! तेवढ्या चार दिवसांत खोकणारा माणूस घरातल्या नातवंडांजवळच झोपतो. देश क्षयमुक्त करण्याचे लक्ष्य सरकारने २०२५ चे ठेवले होते. क्षय अजून आपल्या गावातच आहे. (जाता जाता : नमुना म्हणजे तोंडातली लाळ नव्हे. सकाळी खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढलेला बेडका हवा. लाळेची डबी कितीही वेगाने पोचवली तरी उपयोग शून्य.)

साथीच्या वेळी ही उणीव उघडी पडते. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये माकडताप आला. काजूच्या बागांतून काम करणारी माणसे तापाने फणफणली आणि त्यांचे नमुने कर्नाटकातल्या मणिपालला आणि पुण्याला जात होते. या तापाचा विषाणू रक्तात सापडतो तो पहिल्या काही दिवसांत, त्यामुळे वाटेत गेलेला प्रत्येक दिवस निदानातून वजा होतो. मार्च २०२० मध्ये करोनाच्या सुरुवातीला बहुतेक जिल्ह्यांचे घशातले नमुने पुण्याला किंवा मुंबईला जात आणि अख्खे गाव अहवालाची वाट बघत दारे लावून बसे, ते कोण विसरेल? डेंगीचेही तसेच. पहिल्या पाच दिवसांत एक तपासणी लागू पडते, नंतर दुसरी. कितव्या दिवशी रक्त घेतले हे नळीच्या चिठ्ठीवर लिहिलेले नसेल, तर अहवालाचा अर्थ डॉक्टरांनाही लागत नाही.

काही जण ड्रोनची स्वप्ने दाखवतात. तेलंगणात विकाराबादला सप्टेंबर २०२१ मध्ये औषधे व लसी ड्रोनने नेण्याचा प्रयोग झाला, आफ्रिकेत रवांडात २०१६ पासून रक्ताच्या पिशव्या उडत जातात. मेळघाट, भामरागडसारख्या ठिकाणी पावसाळ्यात नाले फुगले की त्याचा उपयोग होईलही. पण आपल्या सपाट तालुक्याची अडचण हवेत नाही. इथे डांबरी रस्ता आहे, एस.टी. आहे, मोटारसायकल आहे, बेकार पोरेही आहेत. नाही ते वेळापत्रक.

वेळापत्रकाची गंमत सांगतो. समजा पेटी न्यायला माणूस केंद्रावर अकराला येतो. आपला शेतकरी केंद्रावर कधी पोचतो? रात्रपाळीची वीज असेल तर पाणी धरून, जनावरांचे शेण-पाणी, धार उरकून, पहिल्या एस.टी.ने साडेदहाला. केसपेपर काढून रांगेत बसेपर्यंत पेटी गेलेली. मग त्याचे रक्त उद्यावर किंवा घेतलेच तर रात्रभर फ्रीजमध्ये आणि वीज गेली की फ्रीजही बंद. हे टाळायला फार मोठी योजना लागत नाही. पेटीची वेळ दोन तासांनी पुढे सरकवता येते. बाजाराच्या दिवशी दुसरी फेरी लावता येते. केंद्रावर सेंट्रीफ्यूज आणि त्यापुरता इन्व्हर्टर असला की घाई निम्मी कमी होते. दुधाच्या गाडीतूनच पेटी पाठवा असे एका सरपंचांनी मला सुचवले. ते मात्र नको. अन्न आणि रक्त एका गाडीत घालू नये आणि लोकांना कळले तर दूधही कोणी घेणार नाही! दोन-तीन केंद्रे मिळून गावातल्या एखाद्या मोटारसायकलवाल्या पोराला किंवा बचत गटाला मार्ग ठरवून देणे जास्त बरे. मात्र त्याला आधी पेटी भरायची पद्धत शिकवली पाहिजे. आत नळी, तिच्याभोवती शोषून घेणारा कापूस किंवा कागद, त्यावर न गळणारी पिशवी-डबी, बाहेर कडक पेटी. नळी उभी, बर्फाला थेट टेकलेली नाही. सांडलेच तर काय करायचे तेही. हे काम म्हणजे नुसती हमाली समजून कोणालाही धरून लावले, तर तेही पोर धोक्यात आणि नमुनाही.

पैसा नाही हे उत्तर तुम्हाला मिळेल. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर खर्च करायला देशभरात ७०,०५१ कोटी रुपयांची शिफारस केली होती आणि त्यात उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रांवरच्या निदान सुविधांचा वेगळा हिस्सा होता. आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला त्यातले किती आले आणि कशावर गेले, हा प्रश्न जिल्हा परिषद सदस्यांना विचारण्यासारखा आहे. राज्य सरकारने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत केले. त्यामुळे दवाखान्यात कोणी तपासणीचे पैसे मागत असेल तर तेही विचारा.

सरपंच, ग्रामसेवक आणि रुग्ण कल्याण समितीवर असलेल्या मंडळींना एक विनंती. पुढच्या बैठकीत वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून मागच्या तीन महिन्यांची नमुना नोंदवही मागा. त्यात तीन रकाने बघा : रक्त किती वाजता काढले, पेटी किती वाजता गेली, अहवाल कोणत्या तारखेला आला. चौथा रकाना ‘बाद नमुने’ आणि त्याचे कारण. तो रकानाच नसेल, तर तो आखून घ्या. नळीत रक्त कमी, रक्त गोठलेले, पेशी फुटलेल्या, चिठ्ठी नाही, उशिरा पोचले, एवढी पाच कारणे लिहायला सुरुवात झाली तरी दोन महिन्यांत दोष सुईचा, गाडीचा की यंत्राचा ते उघड होईल. दोष केंद्राचा निघाला तर केंद्रातल्या ताईंवर ओरडू नका. बऱ्याचदा एकच तंत्रज्ञ रक्तही घेतो, हिवतापाच्या काचाही बघतो आणि कागदही रंगवतो. दोष वाहतुकीचा निघाला तर त्या आकड्यांचा ठराव करून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत जिल्ह्याला पाठवा. करार संपतात, नवे होतात, मुदतवाढ मिळते. अशा वेळी ‘सेवा चांगली नाही’ या ओळीला कोणी किंमत देत नाही. ‘आमच्या केंद्रावर तीन महिन्यांत इतके नमुने गेले, इतके बाद झाले, इतक्या दिवशी पेटीच आली नाही’ असे लिहिलेले पान मात्र फायलीत लागते.

आणि पेटी न्यायला येणाऱ्याची वेळ केंद्राच्या दारावर खडूने लिहून ठेवायला सांगा. आमच्याकडे दूध संस्थेच्या भिंतीवर गाडीची वेळ तैलरंगाने लिहिलेली आहे, पंचवीस वर्षांपासून.